लवकर बरी झालेली सई

घरात भाजलेलं लेकरू असलं की सल्ला देणाऱ्यांची रांगच लागते. त्या रांगेत आणखी एक म्हणून मी उभी राहत नाहीये. माझ्या हातनं एक चूक झाली, ती कशी झाली तेवढं सांगणार आहे. तुमची दोन लेकरं एकदम आजारी असतील आणि त्यातलं एक भराभर सुधारत असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. मध्येच माझा राग आला तरी वाचा. मलाही माझा येतो.

मी अर्चना. पुंडलिकनगरात राहते, घरीच शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज शिवते. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत. सई आणि सोहम ही आमची जुळी, तेव्हा आठ वर्षांची होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, त्या आमच्याजवळच असतात. दोन्ही लेकरं एकाच दिवशी, एकाच जाळानं भाजली. सोहम आज शाळेत पळापळी करतोय. सईचा डावा हात मात्र कोपरात अजून सरळ होत नाही. आणि कुणालाही विचारा, अख्खं गोत सांगेल की सई आधी बरी झाली.

हुरड्याचा दिवस

माझ्या दिराचं, बाळूचं, शेत पडेगावच्या पुढं आहे. थंडीत दरवर्षी आम्ही तिथं हुरडा खायला जातो. त्या रविवारी गोवऱ्या ओलसर होत्या आणि आगटी काही पेटेना. नुसता धूर. सगळे डोळे चोळत बसलेले, लेकरं भुकेजलेली. चार पाहुण्यांसमोर आपली आगटी पेटत नाही याची बाळूला लाज वाटायला लागली असणार. त्यानं मोटारसायकलमधलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत काढून आणलं.

मी म्हणलं, "भाऊजी, नका टाकू. आत विस्तव आहे."

"वहिनी, काय बी होत नाय. दरवर्षी टाकतो मी."

खरंच टाकत होता. दरवर्षी काही झालं नाही हाच तर घात. या वर्षी जाळ धारेवरनं वर चढला आणि बाटलीच पेटली. पेटलेली बाटली हातात कोण धरून ठेवील? त्यानं ती झटकून फेकली, कुठं ते बघितलं नाही. पलीकडं सई आणि सोहम मांडीवर ताटल्या घेऊन एकाच सतरंजीवर बसले होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ह्यांनी घोंगडी टाकून जाळ विझवला. कुणी टूथपेस्ट घेऊन आलं. आत्याबाईंनी अंडी फोडून लेकरांच्या अंगाला चोपडली. दहा पावलांवर विहिरीची मोटार चालू होती, पाटात धो धो पाणी पडत होतं, आणि पाच-सहा जण ओरडत होते, "पाणी टाकू नका, फोड येतील!" मी त्यांचं ऐकलं. पुढं हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वाहतं साधं पाणी, तेवढंच करायला पाहिजे होतं. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं ठेवा. पाणी. पेस्ट नाही, शाई नाही, अंडं नाही.

आतली भट्टी

सईचा डावा हात दंडापासून मनगटापर्यंत, डावी कूस आणि पोटाचा भाग. सोहमचे दोन्ही पाय आणि कंबर, असं भाजलं होतं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दोघांचंही भाजणं मोठं आहे आणि जवळपास सारखंच आहे. मी मशीनवर बसणारी बाई, मला सगळं मापात कळतं. मी विचारलं, "वाचतील का?" त्या म्हणाल्या, "वाचवायचंच आहे. पण तुम्हाला वाटतं तेवढ्यात संपणारं काम नाही हे."

जळिताच्या वॉर्डात दिवस ड्रेसिंगवर चालतो. सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की अख्खा वॉर्ड रडायला लागायचा, ट्रॉली अजून दाराशीही नसायची. सोहम माझा गळा धरून बोंबलायचा, "मम्मी, आज नको, उद्या!" सई नर्सला विचारायची, "सिस्टर, आधी माझं करता का?" सगळ्या नर्सा तिच्यावर खूश. "काय शहाणी पोरगी आहे!" मलाही अभिमान वाटायचा. आता वाटतं, आठ वर्षांच्या लेकराला एवढी शहाणी कशाला व्हावं लागत होतं, हे कुणीच कसं विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट फार सोप्या भाषेत समजावली. म्हणाल्या, "बाहेरचा जाळ विझलाय, पण लेकरांच्या आत आता भट्टी पेटलीय. पडल्या पडल्या अंग धावतंय असं समजा. काळीज जोरात चालतं, ताप राहतो, आणि भट्टीला इंधन नाही मिळालं तर ती लेकराचं मांस जाळते. खायला घाला. अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, जे जाईल ते, आणि तुमच्या अंदाजापेक्षा जास्त. नाही गेलं तर नाकातनं नळी घालू."

हे मी बाहेर बाकावर बसलेल्या आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अंडं? अगं जखमेत पू व्हतो अंड्यानं! वरण बी नको. साबुदाण्याची पेज दे, मुगाचं पाणी दे."

आता मला सांगा. ह्याच बाईनं शेतात दोन्ही लेकरांच्या अंगावर अर्धा डझन अंडी फोडली होती. अंगाला चालतं आणि पोटाला चालत नाही, हे कुठलं शास्तर? मी तसं बोलले. मग रडारड झाली, मग ह्यांचा मला फोन आला की आईशी नीट बोल. माझं डोकं असं फिरलं होतं की डबाच भिंतीवर मारावा वाटला. शेजारच्या खाटेवर नजमा आपाची नात होती, स्टोव्हनं भाजलेली. आपानं माझा हात धरून बाकावर बसवलं आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी पुढं केली. "बाजी, पहले दो निवाले खाओ. फिर लडना सासू से. खाली पेट लडे तो हारते."

मी खाल्लं, आणि मग भांडले. जिंकलेही. दोन्ही लेकरांना अंडी चालू झाली.

तू कुणाला भरवतेस?

पहिले तीन आठवडे दोघंही सारखीच वाळली. मांडीची कातडी काढून जखमांवर लावायची ऑपरेशनं झाली, दोघांचीही. त्यानंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. सईचा ताप उतरला. नाडी शांत झाली. ती दुपारी झोपायला लागली, वजन घसरायचं थांबलं. सोहमचं काहीच थांबेना. उशी घामानं भिजायची, नाडी निजलेल्या लेकराची वाटायचीच नाही. एवढं खाऊन बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत. एका ठिकाणची लावलेली कातडीही नीट धरली नाही.

मग सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी सईच्या खाटेकडं बघायचा, मग सोहमच्या, मग माझ्याकडं. आत्याबाईंनी तोंडावर विचारलं, "तू पोरीच्याच तोंडात भरतीस का काय?" त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण एका संध्याकाळी वॉर्डाच्या दाराशी ह्यांनीही विचारलं.

"अर्चना, रागवू नको. पण सईला जरा जास्त जातं का?"

"जास्त म्हणजे? दोघांची अंडी एकाच भांड्यात उकडते मी!"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

आमच्याकडं पोरीला कमी देणाऱ्या आया पुष्कळ बघितल्यात, त्यांना कुणी कधी काही विचारलेलं मी ऐकलं नाही. मी दोघांना सारखं दिलं तर माझीच चौकशी! वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेकरांची मापं बिनचूक घेणारी मी, माझ्या हातालाच मी संशयानं बघायला लागले. सईला घास देताना मनात यायचं, हा मोठा तर नाही झाला?

शेवटी डॉक्टरबाईंना धरलंच. म्हणलं, "माझं काही चुकतंय का ते स्पष्ट सांगा, म्हणजे घरी जाऊन मला तोंड दाखवता येईल."

त्यांनी ह्यांनाही बोलावून घेतलं. "तुमचं काहीही चुकलेलं नाही. मोठ्या भाजण्यात मुलींची ही भट्टी बहुतेकदा मुलांपेक्षा आधी निवायला लागते. मुलांचं अंग जास्त दिवस तापत राहतं, त्यांचं मांस जास्त झडतं. का, ते पुरतं कळलेलं नाही. शरीरातल्या संप्रेरकांचा त्यात हात असावा. सगळ्याच मुलींचं असं होतं असंही नाही. सोहमला नाडी शांत करायचं औषध चालू आहे, ते चालू ठेवू, खाणं वाढवू. आणि हे बघा, सईची भट्टी निवतेय, विझलेली नाही. तिला अजून कितीतरी महिने भरपूर खाणं, व्यायाम, सगळं सोहमसारखंच लागणार आहे."

मला तर रडूच कोसळलं. सुटले एकदाची, असं झालं. ह्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "चुकलं माझं."

डॉक्टरबाई एवढं सगळं बोलल्या होत्या. ह्यांनी घरी जाऊन ते आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी गावाकडं फोनवर सांगितलं, बाळूनं आणखी चौघांना. आठ दिवसांनी माझ्याकडं ते परत आलं तेव्हा त्यातलं एकच वाक्य शिल्लक होतं. डॉक्टरच म्हणली, पोरींना कमी लागतं.

मी हसले. खरं सांगते, हसण्यावारी नेलं. तेव्हाच भांडायला पाहिजे होतं.

मीच दिलं

सईला सोहमच्या दोन आठवडे आधी घरी सोडलं. मी हॉस्पिटलात सोहमपाशी, सई घरी आजीपाशी. पुढं सोहमही आला आणि घरात त्याचं राज्य सुरू झालं. सोहमला पंखा, सोहमला लाडू, सोहम काय म्हणतो बघा. सोहमनं अर्धी पोळी जास्त खाल्ली की बाळूला फोन जायचा. बाळू बिचारा अपराधी तोंडानं शेतातलं दूध घेऊन यायचा आणि सोहमच्या हातात पेला देऊन तो संपेपर्यंत समोर बसून राहायचा. सईकडं त्याला बघवत नसे. तिचा हात लगेच नजरेत यायचा ना.

आता तुम्हाला वाटेल, सासूनं पोरीचं खाणं तोडलं आणि ही बाई बघत राहिली. तसं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. सईच्या ताटातलं अंडं पहिल्यांदा उचलून सोहमला दिलं ते मी. तो म्हणाला होता, "अजून एक दे." कित्येक दिवसांनी त्यानं स्वतःहून मागितलं होतं. भांड्यात उरलं नव्हतं. मी सईकडं बघितलं आणि ती म्हणाली, "दे त्याला. मला नको." मी म्हणलं, "गुणाची माझी बाय." आणि उचललं.

दुसऱ्या दिवशी विचारलंही नाही.

व्यायामाचंही तेच. दोघांना एकदम हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे रिक्षात चढता-उतरता हाल. सोहम चालेल का हीच सगळ्यांना काळजी. म्हणून त्याचे वार ठरले आणि "सईचं आपण घरी करू" असं झालं. घरी म्हणजे कधी? गणवेशाचा हंगाम होता. कोपरात हात वाकू नये म्हणून तिला एक कडक पट्टी दिली होती, ती निजताना बांधायची. ती बोचते म्हणाली की आत्याबाई सोडून द्यायच्या. "राहू दे गं, पोरगी बरी झालीय, कशाला छळतीस?" दिवसा सई उजव्या हातानं सोहमला पाणी आणून द्यायची, त्याची चादर झटकायची. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "बघा, सई कशी खडखडीत झाली!"

आता माझी खरी चूक सांगते. भाजलेल्या जागेचे व्रण उंच होऊ नयेत म्हणून अंगाला गच्च बसणारं जाकीट घालतात. दिवसरात्र, फक्त अंघोळीला काढायचं. सईचं मापानं शिवून आणलं होतं. महिन्याभरात ते जरा सैल वाटलं. सैल जाकिटाचा उपयोग नाही, हे मला सांगितलेलं होतं. मी काय केलं? मशीनवर घेतलं, उलटं केलं, कडेनं एक टीप मारली. एकदम झकास बसलं. माझी मलाच शाबासकी. पुढं परत सैल झालं. परत टीप. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी कंपनीच्या कापडाला नावं ठेवली. म्हणलं, एवढ्या मोलाचं कापड आणि सुटतंय कसं बघा.

कापड कुठं सुटत होतं? माझी लेक आत झिजत होती आणि मी बाहेरनं शिवत होते.

उलटं केलेलं जाकीट

सोहमच्या तपासणीला त्या दिवशी सईलाही घेऊन गेले, तेही आत्याबाई लग्नाला गेल्या होत्या आणि तिला ठेवायला घरी कुणी नव्हतं म्हणून. सोहमचं वजन वाढलेलं निघालं. मला तर तिथंच पेढे वाटावेसे वाटले. व्यायामाच्या मॅडमनी सहज म्हणलं, "आलीच आहे तर हिलाही बघू."

त्यांनी सईचं जाकीट काढलं. हात सरळ कर म्हणल्या. सईचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी हळूच ओढून बघितला, पुढं जाईना. कोपराच्या आतल्या बाजूला कातडी दोरीसारखी ताठ उभी राहिली होती. मग त्यांनी हातातलं जाकीट उलटं केलं आणि कडेच्या टिपा एकेक करून मोजल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," मी जरा तोऱ्यातच म्हणलं. "मी शिवणकाम करते. सैल होत होतं."

"तीन वेळा?"

"हो."

"सूज उतरते तशी एकदा सैल होतंच. पण तीन वेळा? का सैल होतंय, असं नाही वाटलं?"

त्यांनी सईला काट्यावर उभं केलं. हॉस्पिटलातनं सोडलं त्या दिवसापेक्षा वजन कमी. डॉक्टरबाई आल्या, कागद बघितला आणि खाली वाकून सईला विचारलं, "काय काय खातेस गं तू?"

सई म्हणाली, "मला कमी लागतं."

अगदी शांतपणे. पाढा म्हणावा तसं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मी असं म्हणाले होते?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्या चिडल्या, आणि त्यांनी चिडायलाच पाहिजे होतं. म्हणाल्या, "ही आधी सावरली, ही तिच्या शरीराची कमाई होती. तिचा फायदा व्हायला पाहिजे होता. तुम्ही तो काढून दुसऱ्याला दिलात. हात आता बहुतेक ऑपरेशननं सोडवावा लागेल. तोवर व्यायाम करा, पट्टी बांधा, खायला घाला. मग बघू किती सरळ होतो." रिक्षात सोहम गाणी म्हणत होता. सई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि तिचं डोकं मला फार हलकं लागलं. मी रस्ताभर पदरात तोंड घालून रडले.

भांडण

आत्याबाई लग्नाहून आल्या तेव्हा त्यांच्या चपला दारात पडायच्या आत मी सुरू झाले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. "पोरींना कमी लागतं" हे वाक्य या घरात पुन्हा कुणी उच्चारलं तर मी लेकरं घेऊन माहेरी जाईन, असंही म्हणाले. ह्यांना बोलले, बाळूला फोनवर बोलले. सगळ्यांना बोलून झालं तरी पोटातली आग काही जाईना, कारण पहिलं अंडं कुणी उचललं ते मला माहीत होतं.

आत्याबाई आधी तणतणल्या. "मी काय वैरीण हाय का तिची? माझ्या लेकाची लेक हाय ती!" मग खाली बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आमाला कुणी इचारलंच नाय कधी, तुला किती लागतं म्हणून. जे उरंल ते खायचं. मला वाटलं, तेवढंच लागत आसंल बायांना."

मी हात टेकले. राग गेला नाही, पण त्यांच्यावर ठेवायला जागा राहिली नाही.

त्या दिवसापासनं ताटं मी वाढते आणि उचलाउचल बंद. ह्यांनी आपली पहिली पाळी बदलून घेतली, आता सईला व्यायामाला तेच नेतात. बाळूला मी दूध घेऊन दारातच थांबवलं आणि म्हणलं, "भाऊजी, आधी तिला पेला द्या. आणि तिच्या हाताकडं बघून द्या." त्यानं दिला. सईनं अर्धा पिऊन उरलेला सोहमकडं सरकवला, तेव्हा सोहमच म्हणाला, "तुझा तू पी ना!" त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर रागवू नका, त्याची भट्टी खरोखरच जास्त दिवस पेटलेली होती. त्याला जास्त देण्यात चूक नव्हती. तिचं काढून देण्यात होती.

तुम्हाला कुणी डॉक्टरांचं एखादं वाक्य ऐकवलं तर विचारा, त्याच्या पुढं काय म्हणाले? मागं काय म्हणाले? आणि आधी उठून बसलेल्या लेकराच्या हातात पाण्याचा तांब्या देऊ नका. आजारी माणूस कामाला लागला म्हणजे बरा झाला, असं आपल्याला वाटतं. बायांच्या बाबतीत तर लगेच वाटतं.

सईचं वजन आता वाढतंय. सावकाश, पण वाढतंय. शाळेला सुट्ट्या लागल्या की हाताचं ऑपरेशन आहे.

परवा दुपारी

सोहमचा घरचा व्यायाम सकाळीच होतो. पाय ताणले की तो घर डोक्यावर घेतो, आजी त्याच्या पाठीवरनं हात फिरवते, ह्यांना त्याला काहीतरी कबूल करावं लागतं. सईचा मी दुपारी करते, मशीन बंद करून. ती कधी चूं करत नाही. दहा मिनिटांत उरकतं.

परवा मी तिच्या कोपराखाली हात धरला आणि शिकवल्याप्रमाणं हळूहळू ताणायला लागले. ती खिडकीकडं बघत होती. का कोण जाणे, माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. पायाची बोटं आत वळवून तिनं चादर गच्च धरली होती. इतके महिने मी तिच्या हाताकडंच बघत होते.

"सई, दुखतं का गं?"

"हो."

"किती?"

तिनं जरा विचार केला. "सोहमला दुखतं तेवढं."

"मग ओरडत का नाहीस?"

"मी बरी झाले ना."

"कोण म्हणतं?"

"सगळे. तू पण."

माझा हात तिथंच थांबला. मग म्हणलं, "नाही झालीस अजून. व्हायचीयेस. दुखलं की ओरडायचं."

"आत्ता?"

"आत्ता."

"आजी झोपलीय."

"उठू दे."

मी परत हात ताणला. आधी नुसता बारीक आवाज आला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. आणि मग बाई, जी काय ओरडली! भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या. सोहम खेळ टाकून पळत आत आला आणि दारातच उभा राहिला. सई थांबायला तयार नाही, श्वास घ्यायची आणि परत ओरडायची. मी तिला कुशीत ओढलं तरी ओरडतच होती.

आत्याबाई पदर सावरत धावत आल्या. "अगं काय झालं? काय केलंस पोरीला?"

"काही नाही केलं, आत्याबाई," मी म्हणलं. "दुखतंय तिला."